संत्र्याच्या सालीचं तेल आणि हेडलाइनमधून गायब झालेला उंदीर

मा. संपादक,
स.न.

कालच्या आरोग्य पानावर 'संत्र्याच्या सालीचं तेल रोखतं केमोचे दुष्परिणाम' ही बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. प्रयोग उंदरांवरचा आहे हे बातमीत आहे, पण शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथपर्यंत कोण वाचतं हो? हेडलाइनचा फोटो काढायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा, आमच्याकडे तरी असंच चालतं.

मी 28 वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे असे प्रयोग कसे होतात ते मला माहीत आहे. उंदराला आधी साल किंवा फळाचा अर्क देतात, मग सायक्लोफॉस्फामाइडसारखं डीएनए तोडणारं औषध टोचतात आणि बोन मॅरोतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते, पण गुणसूत्राचा तुटका तुकडा आत राहिला असेल तर एक बारीक ठिपका दिसतो, त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. हे ठिपके मोजायचे. अर्क दिलेल्या उंदरांत ते कमी भरले तर अर्काने काहीतरी वाचवलं असं म्हणायचं. इराणमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या अर्कावर नेमकं हेच दाखवलं होतं. काम चांगलं आहे, माझा राग संशोधनावर नाहीच.

राग का आहे ते सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू होती, त्यात हेच सायक्लोफॉस्फामाइड होतं. तेव्हाही अशीच एक बातमी कुठल्याशा पेपरात आली होती, त्याचं कात्रण आमच्या एका नातेवाइकांनी पाठवलं आणि सोबत संत्रा तेलाची छोटी बाटली, अगदी प्रेमाने. बहिणीने कोणाला न विचारता रोज कोमट पाण्यात दहा थेंब घेणं सुरू केलं. केमोने तिचं तोंड आधीच आलेलं होतं, वरण-भातसुद्धा झोंबायचा, त्यात हे तेल. पाण्यात ते मिसळत नाही, वर तरंगतं आणि थेट जिभेला लागतं. दोन दिवस तिला पाण्याचा घोट गिळवेना. वाईट म्हणजे तिने डॉक्टरांना सांगितलंच नाही, रागावतील म्हणून. मला कळलं ते तिच्या उशाशी बाटली सापडली तेव्हा. मी खूप बोलले तिला, आणि ती फक्त म्हणाली, "ताई, पेपरात आलंय ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, थर्मोकोल विरघळवणारा पदार्थ आहे तो. लहानपणी आपण साल मेणबत्तीजवळ दाबून ठिणग्या उडवायचो, तेच हे तेल. फळातून, सालीच्या मुरंब्यातून जरासं पोटात जाणं वेगळं आणि बाटलीतून थेंब मोजून घेणं वेगळं.

त्याहून मोठा मुद्दा तुमच्या बातमीत आलाच नाही. सायक्लोफॉस्फामाइड जसंच्या तसं काम करत नाही, लिव्हरमधली एन्झाइम्स त्याला आधी जागं करतात. मग उंदरात ठिपके कमी दिसले ते पेशी वाचल्या म्हणून की औषध नीट जागंच झालं नाही म्हणून? आणि तेल जर चांगल्या पेशी वाचवत असेल तर गाठीतल्या पेशीही वाचवणार नाही कशावरून? केमो देतात ती त्या पेशींचा डीएनए तोडायलाच ना! हे प्रश्न एखाद्या कॅन्सरच्या डॉक्टरला फोन करून विचारता आले असते, बातमी दोन दिवस उशिरा आली असती तर काही बिघडलं नसतं.

माझी विनंती एवढीच, दुरुस्ती छापा आणि त्याच पानावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, हेडलाइनमध्ये 'उंदीर' शब्द घाला, आणि केमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल, काढा, कॅप्सूल काहीही घेऊ नका हे पहिल्या ओळीत लिहा. आज कोणाच्या तरी घरी बाटली पोचलीही असेल.

आपली,
एक जुनी वाचक, नागपूर

ता.क. बातमीत सिट्रस सायनेन्सिस लिहिलंय, म्हणजे माल्टा-मोसंबीची जात, आणि फोटो छापलाय आपल्या नागपुरी संत्र्याचा, जो सिट्रस रेटिक्युलाटा. नागपुरातून निघणाऱ्या पेपरात तरी ही चूक होऊ नये. काटोल-वरुडचा कुठलाही शेतकरी फोटो बघून सांगेल, त्याला विचारा, आणि विचारायला गेलातच तर यंदा संत्र्याला काय भाव मिळाला तेही विचारून छापा, ती बातमी मी कधीची शोधतेय.