नागपूरच्या उन्हावर ढकललेला शटलांचा दोष: उत्पादक कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
फेदर शटल उत्पादन विभाग

विषय: एकाच डब्यातील शटलांचे वजन, उड्डाण व बांधणी यांतील तफावत आणि आपल्या ग्राहक सेवा विभागाचे असमाधानकारक उत्तर

महोदय,

आमच्या वसाहतीच्या क्रीडा मंडळाने एप्रिलच्या अखेरीस सीताबर्डीतील एका विक्रेत्याकडून आपल्या कंपनीच्या वरच्या दर्जाच्या, बॅडमिंटनच्या फेदर (पिसांच्या) शटलांचा पूर्ण खोका विकत घेतला. प्रत्येक डब्याच्या झाकणावर स्पीड ७६ (शटलाच्या गतीचा आकडा; तो जितका मोठा तितके शटल लांब जाते), गूज या बदकासारख्या पक्ष्याची पिसे आणि नैसर्गिक कॉर्क असे तीन दावे ठळकपणे छापलेले आहेत. त्यांतील पहिला आणि तिसरा दावा खोटा ठरल्याचे आम्ही ईमेलने कळवले असता, नागपूरच्या उष्ण व कोरड्या हवेत शटलाचे उड्डाण बदलणे स्वाभाविक आहे, असे उत्तर आपल्याकडून आले. हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

उन्हाचा परिणाम काय होतो, हे नागपुरात बॅडमिंटन खेळणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर असलेली हवा मेमध्ये ४४ अंशांवर पोहोचते तेव्हा ती जवळजवळ दहाव्या भागाने विरळ झालेली असते, तिचा रोध तेवढाच कमी होतो आणि त्याच फटक्यावर शटल लांब जाते. म्हणूनच आम्ही हिवाळ्यात ७७ किंवा ७८ स्पीडचे शटल वापरतो आणि उन्हाळ्यासाठी मुद्दाम ७६ मागवतो. परंतु हा परिणाम डब्यातील बाराही शटलांवर सारखाच व्हायला हवा. बंद हॉलमध्ये, एकाच संध्याकाळी, एक शटल बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या सीमारेषेच्या, बाहेर जाते आणि त्याच डब्यातील दुसरे अलीकडेच पडते, याला हवामान कसे कारणीभूत ठरते, हे आपण कृपया समजावून सांगावे.

ही तफावत आम्ही बॅडमिंटनच्या नियमावलीतील पद्धतीनेच तपासली. मागच्या सीमारेषेवरून, बाजूच्या रेषांना समांतर, खालून वर असा पूर्ण ताकदीचा फटका मारल्यावर योग्य गतीचे शटल समोरच्या मागच्या सीमारेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडले पाहिजे. कूलर, पंखे व दारे बंद ठेवून आमच्या सर्वांत अनुभवी खेळाडूने डब्यातील सर्व शटल मारून पाहिले, तेव्हा त्या ४६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात निम्मेही पडले नाहीत. जे चुकले ते एकाच दिशेने चुकले असते तर आम्ही स्पीड निवडताना घोटाळा झाला असे मानून गप्प बसलो असतो. पण काही रेषेपलीकडे गेले आणि काही दुहेरीच्या मागच्या सर्व्हिस रेषेच्याही बरेच अलीकडे पडले.

त्यानंतर इतवारीतील एका सराफाच्या काट्यावर आम्ही शटलांचे वजन केले. ७६ हा आकडा मुळात ग्रेन या छोट्या एककातील वजनाचा असून ते सुमारे ४.९२ ग्रॅम भरते. आपल्या एका डब्यात सर्वांत हलके शटल ४.६८ ग्रॅमचे, तर सर्वांत जड ५.३१ ग्रॅमचे निघाले. नियमानुसार शटलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावे लागते, म्हणजे पहिले तर नियमातच बसत नाही. दुसरे नियमात बसते, पण ७६ च्या डब्यात बसत नाही.

याहून गंभीर बाब बांधणीची आहे. शटलाची सोळाही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, कारण डाव्या व उजव्या पंखाच्या पिसांची वळणे परस्परविरुद्ध असतात. सर्व पिसे एकाच वळणाची असली आणि प्रत्येक पीस शेजारच्यावर एकाच क्रमाने चढवलेले असले, तरच शटल हवेत एका दिशेने स्वतःभोवती फिरत सरळ जाते. आपल्या काही शटलांत एक-दोन पिसे उलट वळणाची आहेत. ती जिथे बसवली आहेत तिथे चढवण्याचा क्रम मोडलेला डोळ्यांनाही दिसतो. अशी शटल फटक्यानंतर कॉर्क पुढे करून वळतात खरी, परंतु स्थिर न होता थकलेल्या भोवऱ्यासारखी डगमगत जातात, आणि त्यावर ड्रॉप (नेटपलीकडे हळूच टाकलेला फटका) किंवा नेटजवळचा खेळ शिकवणे अशक्य होते. एवढ्याशा दोषाचा एवढा परिणाम का होतो, हे आपल्यासारख्या उत्पादकाला ठाऊक असणारच. २०२३ मध्ये भारताचे दुहेरीतील खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. तो वेग रॅकेटपासून सुटतानाचा. पिसांच्या घेरावर हवेचा रोध इतका प्रचंड असतो की कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. ज्या वस्तूचे सगळे उड्डाण या रोधावर चालते, तिचा घेर एका बाजूने वेगळा असला तर ती सरळ जाणार नाही.

कॉर्कविषयी थोडक्यात: फुटलेले एक शटल आम्ही मधोमध कापले. खाली नैसर्गिक कॉर्कची पातळ चकती आणि वर दाबून चिकटवलेला चुरा, असे दोन थर त्यात स्पष्ट दिसले. स्वस्त शटलात हे चालते आणि त्याबद्दल आमची हरकत नसते. नैसर्गिक कॉर्क असे छापून त्याची किंमत घेणे मात्र दिशाभूल आहे.

पिसे लवकर तुटतात, अशी तक्रार आम्ही केलेली नाही आणि करणारही नाही. मेच्या कोरड्या हवेत पिसे ठिसूळ होतात, म्हणून खेळण्याच्या आदल्या रात्री डब्याला वाफ देऊन झाकण लावून ठेवण्याची येथील जुनी पद्धत आहे आणि ती आम्ही पाळतो. आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर दिलेला सल्ला मात्र खटकला: लांब जाणाऱ्या शटलांच्या पिसांची टोके बाहेर दुमडून घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. गती बदलण्यासाठी शटलात जाणूनबुजून फेरफार करणे हे नियमावलीत खेळाडूचे गैरवर्तन मानले जाते. मालविका बनसोड यांच्यासारखी आंतरराष्ट्रीय खेळाडू ज्या शहराने दिली, तेथील मुलांना आम्ही हे शिकवावे, अशी उत्पादकाचीच अपेक्षा असेल तर कठीण आहे.

आमची मागणी अशी की, न उघडलेले सर्व डबे आपल्या खर्चाने परत घेऊन त्यांची पूर्ण किंमत द्यावी. उघडलेल्या डब्यांच्या बदल्यात वजन व उड्डाण तपासलेला माल द्यावा. आणि या बॅचच्या तपासणीची नोंद आम्हाला लेखी कळवावी. पुढील डब्यांवर कॉर्क एकसंध आहे की थरांचा, हे खरे छापावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आम्ही नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते आणि एका खोक्याच्या किमतीएवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. मंडळ नफ्यासाठी चालत नाही, वर्गणीतून चालते, म्हणजे ही खरेदी व्यापारासाठी नव्हती, हेही नमूद करतो.

सदोष शटल, कापलेले कॉर्क, वजनांची यादी व बॅच क्रमांक असलेली झाकणे आमच्याकडे जपून ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधीने पूर्वसूचना देऊन संध्याकाळी सहानंतर यावे. हॉल तेव्हाच उघडतो.

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, छायाचित्रे

आपला,
सचिव, बॅडमिंटन विभाग,
वसाहत क्रीडा मंडळ,
त्रिमूर्ती नगर, नागपूर