ट्रकचालकाचे आठ तास कोण मोजणार?

महोदय,

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्हच आहे. मात्र माझ्या दोन्ही गाड्या जुन्या असल्याने सोलापूरच्या उन्हात आमच्या चालकाला अजून ओल्या टॉवेलचाच आधार आहे, आणि तोही अर्थात सोलापुरीच.

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) चालकाचे काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास असावे, असे ठरलेले होते. पण कांदा भरण्यासाठी तो दुपारपासून रांगेत ताटकळतो, ताडपत्री बांधून निघेपर्यंत रात्र होते आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला माल पहाटे हवा असतो. ते ताटकळणे प्रत्यक्षात कोणीही कामाच्या तासांत धरत नाही.

जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो योग्यच म्हणावा लागेल, कारण अशी गाडी उतारावर ब्रेकला दाद देत नाही. मात्र टनभर माल जास्त टाकायला लावणारा नामानिराळा राहतो आणि पावती आमच्या नावाने फाटते. गाडी रांगेत लागल्याची आणि भरून सुटल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, नोंदवणे सक्तीचे करावे, ही विनंती.

— एक लहान मालवाहतूकदार, सोलापूर