प्राग-व्हिएन्ना सहल: व्हिसाच्या अर्जाआधी वाचा

सभासदहो, मुक्काम ठरले: प्राग 4 रात्री, चेस्की क्रुमलोव्ह 1, साल्झबर्ग 1, व्हिएन्ना 3. चेक प्रजासत्ताकात (प्राग, क्रुमलोव्ह) ऑस्ट्रियापेक्षा जास्त रात्री असल्याने शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज तिकडेच करायचा. कुणी परस्पर व्हिएन्नात दोन रात्री वाढवल्या, तर त्याचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल. तेव्हा काही बदल असेल तर रविवारपर्यंत कळवा, नंतर नको. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. चेकमध्ये कोरुना चालतो, ऑस्ट्रियात युरो.

क्रुमलोव्हच्या जुन्या गावात सगळी दगडी फरसबंदी आहे. चाकांची मोठी बॅग तिथे ओढून बघाच! त्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी. आणि प्रागच्या 1410 सालच्या घड्याळाखाली दर तासाला गर्दी जमते, पाकीट सांभाळा.