चांगला पीसी भंगारात का काढायचा?

मा. संपादक,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१६ चं आय७ मशीन, १६ जीबी रॅम, एसएसडी टाकलेलं, झकास चालणारं, तरी ते चालणाऱ्या मशीनच्या यादीत बसत नाही. हे पटत नाही.

आम्हा डीटीपीवाल्यांना (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांना) नवीन व्हर्जनमध्ये गोल कोपरे आणि एआयचं बटण नकोय हो, अपडेटनंतर प्रिंटरचा ड्रायव्हर चालला पाहिजे, जुन्या मराठी फॉन्टच्या फाइली नीट उघडल्या पाहिजेत आणि लग्नपत्रिका प्रिंटला टाकलेली असताना मशीन मध्येच रीस्टार्ट व्हायला नको, एवढंच मागणं आहे. टास्कबार उभा लावायची सोय १० मध्ये होती, ११ आली तेव्हा तीही काढली, का ते समजत नाही. वर होम एडिशन सेट करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती, मग जिथे रेंजच नाही तिथल्या माणसाने काय करायचं?

किमान अट ४ जीबी रॅमची लिहिलीय ना, मग पुढची विंडोज आधी तेवढ्यावर सुरळीत चालवून दाखवा, सजावट नंतर करा.

– एक डीटीपी व्यावसायिक, सांगली