कट नसेल तर मजा काय?

संपादक साहेब,
फुटाळ्याला मॉर्निंग वॉकवाल्या आमच्या ग्रुपमध्ये गोल्फवरून जाम वाद होतो, मेजर म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, पण पोरं म्हणतात प्लेयर्स चॅम्पियनशिपला पाचवी मेजर म्हणा, एकूण बक्षीस 2.5 कोटी डॉलर आहे न! अहो पण पैशाने मान येतो का, ब्रिटिश ओपन ही मेजर 1860 पासून चालू आहे. माझं खरं भांडण कटवरून, म्हणजे मागे पडलेल्यांना अर्ध्यातच बाहेर काढण्यावरून आहे. मास्टर्स या मेजरला 36 होलनंतर, म्हणजे दोन दिवसांच्या खेळानंतर, पहिले 50 अन् बरोबरीवाले राहतात, बाकी घरी, मग कितीही मोठा चॅम्पियन असो, आपल्याकडे शुक्रवारी रात्री जागून ते शेवटचे पट (चेंडू होलमध्ये ढकलायचे फटके) बघताना जीव टांगणीला लागतो, तेच खरं गोल्फ! लिव्ह या नव्या गोल्फ लीगने 2022 ला 54 होल ठेवले अन् कटच नाही, शेवटच्यालाही पैसे पक्के. तुम्ही मेजरच्या बातमीत कटला कोण बाहेर गेलं तेही छापा ना प्लीज.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर