आमच्या टाकीला कोणते कार्ड?

महोदय,

नोकरीची सगळी वर्षे काचेची नळी आणि ऑर्थोटोलिडीनची बाटली पिशवीत घालून गावोगाव हिंडलो. नळाचे पाणी नळीत घ्यायचे, थेंब टाकायचे. पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर सरपंचांशी वाद ठरलेला.

निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे आलो. परवा सवयीने इथेही तीच ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे ओटी टेस्ट केली. रस्त्यावरून आत येणाऱ्या महापालिकेच्या नळाला छान पिवळा रंग आला. आमच्या आठव्या मजल्यावर काहीच नाही. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत पोचायला हवा, तो आमच्याच जमिनीखालच्या टाकीत संपला होता. खाली जाऊन पाहिले. झाकणाचा कोपरा फुटलेला, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही आणि दोन हातांवर ड्रेनेजचे चेंबर!

सोसायटीच्या समितीत विषय काढला. ‘काका, सगळ्यांकडे आरओ आहे.’ अहो, पण चूळ कशाने भरता? कोथिंबीर कशाने धुता? शिवाय आरओ क्लोरीनही काढून टाकतो, म्हणजे त्यात साठलेल्या पाण्याला राखणदारच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये इथल्याच सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. आधी साधे जुलाब, ते थांबतातही. मग आठ-पंधरा दिवसांनी एखाद्याच्या पायांतले बळ जाते, कारण जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटलेली असते. त्या दिवसांत घरोघरी पाणी उकळत होते. आता ती पातेली पुन्हा माळ्यावर गेली आहेत.

उपाय महागडा नाही. टाकी धुऊन, फटी बुजवून हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचे. पावडर मात्र ताजी हवी. उघड्या पोत्यात दमट झालेल्या टीसीएलमधला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

गावांतल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून आरोग्य विभाग ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतो. लाल आले की बोभाटा होतो आणि गळती दुरुस्त होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. महापालिकेने अशीच कार्डे सोसायट्यांच्या टाक्यांना द्यावीत आणि लिफ्टशेजारी लावायला सांगावे. आमचे आज लालच निघेल.

– एक निवृत्त आरोग्यसेवक, पुणे