कपाटातल्या मोहरीवर सरकारचा पैसा कशाला?

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिलं होतं की रोपटं उजेडाकडे का वाकतं हे शोधायला सरकारी पैसा कशाला, आधी कामाचं बघा. वाचून वाईट वाटलं, कारण काही वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणाले असते.

मुलीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही मोहरी पेरली होती, एक डबी खिडकीत आणि एक बंद कपाटात. पाचव्या दिवशी कपाट उघडलं तर आतली रोपं खिडकीतल्यांपेक्षा कितीतरी उंच, पण पिवळी पडलेली, दोऱ्यासारखी बारीक, शेंडा गळासारखा खाली वळलेला आणि दोन्ही पानं घट्ट मिटलेली. मला वाटलं गेली ही. पण मुलीने डबी उजेडात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत माना सरळ व्हायला लागल्या, एक-दोन दिवसात पानं उघडून हिरवीगार! म्हणजे अंधार आहे तोवर आपण मातीखालीच आहोत, आधी उंच व्हायचं, पानं नंतर, हे त्या एवढ्याशा बीच्या जीन्समध्येच, म्हणजे जनुकांतच, लिहिलेलं असतं. ते नेमकं कुठल्या जीनमध्ये, हे शोधणं म्हणजेच ते "बिनकामाचं" संशोधन.

आता वेळ किती लागला बघा. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या एका जातीवर दाखवलं की फूल कधी धरणार हे दिवस किती मोठा आहे त्यावर ठरतं. मग १९५२ मध्ये त्याच खात्यात लेट्यूसच्या बियांवर लाल उजेड टाकला तर त्या रुजल्या, लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड टाकला तर थांबल्या, आणि दोन्ही आळीपाळीने कितीही वेळा टाकले तरी शेवटचा जो असेल त्याचंच बी ऐकतं. ज्याच्यामुळे हे होतं ते फायटोक्रोम, म्हणजे रोपातलं उजेड ओळखणारं प्रथिन, १९५९ मध्ये हाती लागलं. जवळजवळ ४० वर्षं! कुठली कंपनी एवढी थांबली असती? आणि शेजारच्या झाडाची पानं लाल उजेड शोषतात नि तो पलीकडचा परत फेकतात, त्यावरून रोपाला कळतं की इथे गर्दी आहे, मग ते दाण्याऐवजी दांड्यावर जोर देतं, म्हणजे पीक किती दाट पेरायचं हा प्रश्न पण शेवटी इथेच येतो.

ॲराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्याच कुळातलं एक तण आहे, साधारण दीड महिन्यात बी ते बी होतं म्हणून लॅबमध्ये तेच वापरतात. २००० मध्ये वनस्पतींमध्ये सगळ्यात पहिला जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, त्याचा वाचला गेला, तो पण अनेक देशांच्या सरकारी पैशातून. निळा उजेड ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोमचा जीन १९९३ मध्ये याच तणात सापडला आणि नंतर कळलं की तसेच जीन आपल्या अंगात पण आहेत, शरीराचं घड्याळ चालवण्यात त्यांचा हात असतो. तण बघायला गेले आणि माणसाच्या झोपेपर्यंत पोचले, हे आधी अर्जात कोण लिहून देणार होतं?

मला काळजी वाटते ती मधेच पैसा थांबण्याची. कुठला जीन काय करतो हे कळायला एकेक जीन बिघडलेली रोपं वर्षानुवर्षं निवडून त्यांचं बी जपावं लागतं, त्याची नोंद ठेवणारा माणूस अनुदान संपलं म्हणून निघून गेला की पाकिटावरचा नंबर राहतो, त्याचा अर्थ सांगणारं कोणी उरत नाही.

तर विनंती एवढीच की यावर एखाद्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडून सविस्तर लेख लिहून घ्या, आणि अशा कामाला अनुदान किती वर्षांचं मिळतं हे पण त्यात येऊ द्या.

आपली एक वाचक